दीड इंचाच्या आत

सोमवारी सकाळी साडेनऊला कापायच्या टेबलावर पुढील वस्तू होत्या. वाइन रंगाचं कोटाचं कापड, एक मीटर सत्तर सेंटीमीटर, एकच तुकडा. बारा इंची कात्री. खडू चार, त्यांतला एक तुटलेला. टाचण्या एकोणचाळीस. मापांची वही, तिच्या उघड्या पानावर तेरा आकडे. टेबलाच्या पलीकडे स्टुलावर पप्पा बसले होते, काळा चष्मा लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. असे रिकामे हात ठेवून बसलेले पप्पा मी त्या दुकानात आधी कधी पाहिले नव्हते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. उजव्या डोळ्याला अजून पाणी येत होतं, आणि डाव्या डोळ्याचा नंबर दोन महिन्यांनी लागणार होता. डॉक्टरांनी महिनाभर वाकायला बंदी केली होती. वाकल्याशिवाय कापड कापता येत नाही. मशीन मी नववीपासून चालवते, काज-बटण आणि हातशिलाई इंदुबाई करतात, पण कात्री कायम पप्पांची. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर 'बबन टेलर्स' या नावाखाली 'सूट स्पेशालिस्ट' असं लिहिलेलं आहे, ते या कात्रीच्या जोरावर.

"चल," पप्पा म्हणाले. "आज तूच कटिंग मास्तर."

"बीएस्सी मास्तर," इंदुबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "सांभाळ गो बाय. कापड परत जोडता येत नाय."

कोट सुयोगचा होता. सुयोग बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतो, 'फेज गेला' नावाच्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो आणि गातो. आधीच्या कार्यक्रमात त्याने भाड्याचा ब्लेझर घातला होता. शेवटच्या गाण्यात त्याने उजवा हात पूर्ण वर नेऊन गिटारवर आणला आणि ब्लेझर बगलेत टरकन फाटला. कोणीतरी व्हिडिओ काढला. तेव्हापासून त्याला निम्मं बदलापूर 'बगल्या' म्हणतं.

"काका, येत्या रविवारी आमचा शो आहे अंबरनाथला," तो माप द्यायला आला तेव्हा म्हणाला होता. "कोट असा पाहिजे की अंगावर फिट, एकदम टाइट. पण हात असा गेला पाहिजे." त्याने हात छतातल्या पंख्याकडे नेला. "आणि कापड जपून हं. दुकानदार म्हणाला, ठाण संपलं. हा रंग आता येणार नाही."

पप्पांना त्याचं बोलणं आवडलं होतं. त्यांचा स्वतःचा एक नियम आहे. हात पूर्ण वर केला की कोटाची खालची कड दीड इंचाच्या वर उचलता कामा नये. लग्नाचे सूट शिवतानाही ते नवरदेवाला हात वर करायला लावतात. "वरातीत नाचणार ना?" असं विचारतात आणि पट्टी लावून बघतात. दीडच्या वर गेलेला कोट ते देत नाहीत. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरचा एकही कोट परत आलेला नाही.

मी पाठीचा भाग आखला. मग पुढचा. पप्पा एकेक आकडा सांगत होते आणि मी खडूने रेघ ओढत होते.

"आता मोंढा," पप्पा म्हणाले. मोंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ते भोक. "खांद्यापासून खाली साडेआठ इंच. त्याच्या खाली एक सूतही जायचं नाही."

छाती अडतीस. साडेआठ मला कमी वाटलं. ज्या माणसाला हात पंख्यापर्यंत न्यायचा आहे, त्याच्या बगलेत जागा हवी, हे उघड होतं. जागा जास्त तर हालचाल जास्त. भाड्याचा ब्लेझर बगलेतच फाटला होता, म्हणजे बगलेत कमी पडत होतं. मी हे सगळं अर्ध्या मिनिटात ठरवलं. पप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. त्यांना टेबलावरची रेघ धूसर दिसत होती. मी साडेनऊवर खूण केली.

"झालं?"

"झालं," मी म्हणाले.

पदवीची तीन वर्षं मी प्रत्येक प्रयोगात वाचन तीनदा घेतलं आहे. त्या दिवशी मी एकदाही न तपासता कापलं. कात्री सहज चालली.

मंगळवारी आमच्या वरच्या मजल्यावरचे मुकेशभाई चहाला आले. त्यांचं जीन्सचं युनिट आहे, चौतीस मशीन. ते सहा महिन्यांपासून पप्पांना सुपरवायझर म्हणून बोलावत आहेत.

"बबनभाई, कोट कोण शिवतो आता? सगळे रेडिमेड घेतात. ऊपर आ जाओ ना. खुर्ची देतो, पंखा देतो, आँख को भी आराम."

"अजून कोट परत आला नाही, मुकेशभाई."

"आला की येशील?"

"आला की येईन," पप्पा हसत म्हणाले. दोघांनी हातावर टाळी दिली. मी तेव्हा मशीनवर खांद्याची शिवण मारत होते. सुई दोनदा मोडली.

बुधवारी सुयोग कच्च्या ट्रायलला आला, गिटार पाठीला लावूनच. कच्च्या टाक्यांचा कोट त्याने अंगात घातला. उभा राहिला तेव्हा पाठ सपाट, खांदे बरोबर, कमरेत कोट असा बसला की इंदुबाईंनी सुई थांबवून बघितलं.

"बगल्या हिरो दिसतो," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही पण?"

"आता हात वर," पप्पा म्हणाले.

सुयोगने हात वर केला आणि सगळा कोटच त्याच्याबरोबर वर गेला. कॉलर कानाला लागली. पुढची कड शर्टाच्या खालच्या दोन बटणांपर्यंत चढली. मी पट्टी लावली. आकडा वाचला आणि परत लावली.

"किती?" पप्पांनी विचारलं.

"सव्वाचार."

"सव्वादोन?"

"चार, पप्पा. सव्वाचार."

पप्पा उठले, चाचपडत सुयोगपर्यंत गेले आणि त्याच्या बगलेत दोन बोटं घातली. बोटं खाली खाली सरकवत त्यांनी शिवण शोधली. ती सापडल्यावर त्यांचा हात तिथेच राहिला.

"माझं चुकलं," ते सुयोगला म्हणाले. "माप मी चुकीचं सांगितलं."

"अरे काका, टेन्शन नका घेऊ. मी हात जरा कमी वर करीन."

"नाही. गिऱ्हाइकाने कोटाच्या मर्जीने वागायचं नसतं. शनिवारी दुपारी बघू. आम्हीच घेऊन येतो तुझ्याकडे."

तो गेला. पप्पा परत स्टुलावर बसले. "इंदू," त्यांनी विचारलं, "मी साडेनऊ म्हणालो होतो का?"

इंदुबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या डबीत भरत होते. एकोणचाळीस होत्या, छत्तीस भरल्या.

"मला आता ऐकू कमी येतं, दादा," इंदुबाई म्हणाल्या.

संध्याकाळी दुकान बंद करताना पप्पा जिन्याखाली उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "मुकेशभाई! शनिवारी हा कोट दीडच्या आत आला तर टेबल राहील. नाही आला तर एक तारखेपासून मी तुमचा. पाटीवरचं 'सूट' पुसून टाकू."

"पक्का?"

"पक्का. डोळ्यांचं काय, कमी दिसणारेही शिवतात. पण सांगितलेलं आठवत नसेल तर टेबलावर कशाला बसायचं?"

विठ्ठलवाडीला घरी पोहोचेपर्यंत रिक्षात मी कडेला बसून तीच वजाबाकी करत होते. साडेनऊ वजा साडेआठ, एक. एका इंचाने कड पावणेतीन इंच जास्त कशी चढते? जेवताना, भांडी घासताना, अंथरुणात, तोच प्रश्न. आणि त्याच्या खाली दुसरा, ज्याला आकडा नव्हता.

गुरुवारी दुकान उघडल्यावर मी झाडून घेतलं, पाणी भरलं, आणि पप्पांच्या समोर उभी राहिले.

"तुम्ही साडेआठच म्हणाला होतात. मी साडेनऊ कापलं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसले नाहीत.

"का?"

"मला वाटलं, जागा जास्त ठेवली तर हात जास्त हलेल."

"वाटलं," पप्पा म्हणाले. "इंदू, ऐकलंस? हिला वाटलं. तीन वर्षं फी भरली, ती वाटण्याची होती." मग आवाज चढला. "काल रात्रभर मी छताकडे बघत पडलो होतो. डोळा गेला, आता डोकंपण गेलं म्हणून. आणि ही पोरगी माझ्या शेजारच्या खोलीत झोपली होती!"

"झोपले नव्हते."

"मग उठून सांगायला काय झालं होतं?"

इंदुबाईंनी मध्येच पाण्याचा ग्लास आणून पप्पांच्या हातात दिला. "पी आधी. डोळ्याला ताण नको म्हणाले डॉक्टर. बोंबल मग."

पप्पांनी पाणी प्यायलं. ग्लास खाली ठेवला. "इकडे ये. तुझा कुर्ता बगलेच्या अगदी लगत चिमटीत धर. अंगाला चिकटवून. आता हात वर कर."

मी केला. कुर्ता जरासा हलला.

"आता चार बोटं खाली, बाही आणि अंग दोन्हीचं कापड एकत्र धर. हात वर."

कुर्ता कमरेपासून ओढला जाऊन वर आला.

मला दिसलं. हात खांद्याभोवती फिरतो. शिवण खांद्यापासून जितकी लांब, तितकं ती फिरताना जास्त अंतर कापते आणि कोटाला ओढून नेते. मोंढा लहान आणि उंच, तर हात एकटा फिरतो. हे अकरावीच्या पुस्तकातलं होतं. मी ते कागदावर, चिंधीवर, कुठेही आखून बघितलं नव्हतं.

"भाड्याच्या ब्लेझरचा मोंढा मोठाच असतो," पप्पा म्हणाले. "सगळ्यांना बसावा म्हणून. म्हणूनच फाटला तो."

"आता वर घेता येईल?"

"मोंढा खाली नेता येतो. वर नेता येत नाही. कापड कुठून आणशील?"

मी उरलेले तुकडे टेबलावर मांडले. सर्वांत मोठा तुकडा सहा इंच बाय अडीच. ठाण संपलेलं. दुकानात फोन करून मी परत विचारलं, संपलेलंच होतं.

इंदुबाई सुईत दोरा ओवत होत्या. "कळी टाका ना," त्या म्हणाल्या. "आमच्या सासऱ्याच्या बंडीला बगलेत कळी असायची. दिवसभर कुदळ मारायचा, वर-खाली, वर-खाली. बंडी कधी पोटावरून हलली नाय."

कळी म्हणजे बगलेत बसवायचा चौकोनी तुकडा, पतंगासारखा उभा. हात खाली असला की तो मिटतो, वर गेला की उघडतो.

"कोटाला कळी?" पप्पा म्हणाले. "सुटाला? लोक हसतील."

"सव्वाचारला हसले नसते होय?"

पप्पा म्हणाले, "आधी मांजरपाटावर करून बघ. या वेळेला मोजून."

मांजरपाटाचा, म्हणजे स्वस्त सुती कापडाचा, अर्धा कोट मी दुपारपर्यंत उभा केला, मोंढा साडेनऊचाच ठेवून. अडतीस छातीचा माणूस हवा होता. तो वरच्या मजल्यावर होता.

"मला काय बकरा समजलात?" एका बाहीचा पांढरा कोट घालून उभे राहिलेले मुकेशभाई म्हणाले.

"हात वर, मुकेशभाई."

"माझाच सुपरवायझर पळवायला माझाच हात? वाह रे वाह."

कळीशिवाय कड चार इंच चढली. तीन इंची कळी लावली, तीन. चार इंची, सव्वादोन. पाच इंची कळीला कड दीडवर थांबली, पण हात खाली आणल्यावर बगलेत कापडाचा गोळा झाला. मी प्रत्येक वाचन तीनदा घेतलं आणि वहीत लिहिलं. मुकेशभाईंनी मधल्या काळात दोन फोन घेतले, दोन्ही वेळा एक हात वर ठेवूनच.

"चार-साडेचार ठेव," पप्पा म्हणाले, "पण उरेब काप. तिरकं. तिरकं कापड ताणलं जातं."

साडेचार इंची, उरेब. दोन इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. मग पप्पांनी स्वतः येऊन कळीची टोकं बोटांनी चाचपली आणि खालचं टोक अर्धा इंच बाहीकडे सरकवायला सांगितलं. दीड इंच. गोळा नाही.

"दीड हा मांजरपाटाचा," पप्पा म्हणाले. "कोटात कॅनव्हास आहे, अस्तर आहे. तिथे काय होईल ते मला माहीत नाही." त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की मला बसवेना. मी उगाच दुकानाबाहेर जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत चालून आले.

कळीला कापड मात्र नव्हतं. वाइन रंगात साडेचार इंचाचे दोन चौकोन निघत नव्हते. मी कपाट उघडलं. एप्रिलातल्या जयंतीला आमच्या लेझीम पथकाची जॅकेटं शिवली होती, त्याचं उरलेलं निळं ट्विल वरच्या कप्प्यात होतं. पोत बरोबर, वजन जवळपास तेवढंच.

सुयोगला फोन लावला. "बगलेत निळा तुकडा लागेल. हात खाली असताना दिसणार नाही."

"आणि वर केल्यावर?"

"दिसेल."

पलीकडे ड्रम वाजत होता. "लाव," तो म्हणाला. "बगल्या म्हणतात ना? बघू दे मग बगल."

शुक्रवारचा सगळा दिवस आणि शनिवारची सकाळ त्यात गेली. कळीची चारही टोकं मी मशीनने मारली, इंदुबाईंनी आतून हाताने पक्की केली. त्यांना एका कळीला दोन तास लागले. पप्पा स्टुलावरून दर दहा मिनिटांनी विचारत होते, "कुठपर्यंत?" आणि इंदुबाई दर दहा मिनिटांनी सांगत होत्या, "तुझ्या डोळ्यापर्यंत."

शनिवारी दीड वाजता पप्पा आणि मी रिक्षाने निघालो. कोट हँगरला लावून मी हातात उंच धरला होता. अंबरनाथच्या पुढे रस्ता खोदलेला होता आणि प्रत्येक खड्ड्याला मी एका हाताने कोट आणि दुसऱ्याने पप्पांचा खांदा धरत होते. बदलापूर येईपर्यंत माझा उजवा हात बधिर झाला. मी तो खाली घेतला नाही.

"इंटरव्ह्यूचं काय झालं तुझ्या?" पप्पांनी मध्येच विचारलं. अंबरनाथच्या एका लॅबमधून मला फोन यायचा होता.

"अजून नाही आला."

"आला तर जा. टेबल राहिलं तर शनिवार-रविवार इथे ये." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आणि नाही राहिलं तरी जा."

बँड हेंद्रेपाड्यात सुयोगच्या मामांच्या गोदामात सराव करायचा. एका बाजूला कोंबडीखाद्याची पोती, दुसऱ्या बाजूला ड्रम आणि स्पीकर. बेस वाजवणारी ऋतिका पोत्यांवर बसून वडापाव खात होती. तिने पप्पांना तिची खुर्ची दिली.

सुयोगने काळी पँट घातली होती, वर कोट. बटण लावलं, गिटार गळ्यात अडकवली. मी गुडघ्यांवर बसले आणि कोटाची कड जिथे येत होती तिथे पँटवर खडूने रेघ मारली. मग तिच्यावर, कोटाखाली हात घालून, पाव पाव इंचावर आणखी रेघा मारल्या. एकूण वीस. कडेची रेघ शून्य धरून सहावी रेघ म्हणजे दीड.

"हे काय चाललंय?" ऋतिकाने विचारलं.

"मोजमाप," पप्पा म्हणाले. "नुसता उभा राहून हात वर करू नको रे. वाजव. शोमध्ये वाजवशील तसं, पूर्ण गाणं."

मी फोन पोत्यावर टेकवून सुयोगच्या कमरेच्या उंचीला लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. ऋतिका हात पुसून उठली. ड्रमवाल्याने चार ठोके दिले.

गाणं चार मिनिटांचं होतं. गोदामाचा पत्रा थरथरत होता. पप्पा खुर्चीत ताठ बसले होते, कान स्पीकरकडे आणि चेहरा सुयोगकडे. शेवटी सुयोगने उजवा हात मागून फिरवत पत्र्याकडे नेला, तिथे क्षणभर धरला, बगलेत निळं उघडलं, आणि हात तारांवर आला. कुठे काही फाटल्याचा आवाज आला नाही. पण एवढ्या आवाजात तो आला असता तरी मला ऐकू आला नसता.

"तेजस्वी," पप्पा म्हणाले. "बघ."

मी फोन उचलला. व्हिडिओ मागे घेतला, हळू केला, हात सर्वांत वर होता तिथे थांबवला. चित्र मोठं केलं. खालून वर रेघा मोजल्या. मग परत मोजल्या. मग फोन ऋतिकाला दिला आणि तिला मोजायला सांगितलं.

कड पाचव्या रेघेवर होती. सव्वा इंच.